रोशनबीची ध्वनिफीत कोरी न करण्याबाबत

अर्जदार : शमशुद्दीन गैबीसाहेब नदाफ
निवृत्त माध्यमिक शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ११ फेब्रुवारी १९८०

प्रति,
मा. कुलसचिव,
करवीर संशोधन विद्यापीठ,
कोल्हापूर.

(मार्गदर्शकांमार्फत, योग्य मार्गाने)

विषय : आंतरविद्याशाखीय अभ्यास केंद्राची ध्वनिफीत क्र. ७ पदवीदान समारंभाच्या भाषणासाठी पुसून वापरण्यात येऊ नये, याबाबत.

संदर्भ : केंद्राचे पत्र, दि. ९ ऑगस्ट १९७६ (उत्तर दिलेले नाही).

महोदय,

१. वरील संदर्भातील पत्र मला मिळाले होते. ते पोचले नाही, टपालात गहाळ झाले किंवा मी परगावी होतो, यांपैकी काहीही खरे नाही. पत्रात एकच प्रश्न होता : "आपल्या संशोधनांतर्गत मुद्रित झालेली ध्वनिफीत क्र. ७ कोणत्या विद्याशाखेची समजावी, हे पंधरा दिवसांत कळवावे." उत्तरासाठी मी कागद घेऊन बसलो. 'कला' असे लिहिले, ते खोडले. 'विज्ञान' असे लिहिले, तेही खोडले. प्रश्न नीट वाचा, अर्धे उत्तर प्रश्नातच असते, असे मी शाळेत मुलांना नोकरीभर सांगत आलो. या प्रश्नात मात्र मला ते सापडले नाही. विद्यापीठाने विचारले आहे म्हणजे उत्तर असणारच, ते मला येत नाही इतकेच, अशा समजुतीने मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा परिणाम आता होऊ घातला आहे, म्हणून हा अर्ज करण्याचे धाडस करीत आहे.

२. आपण या पदावर अलीकडे आला असल्याने प्रकरणाची थोडी माहिती देणे मला भाग आहे. ती लांबल्यास क्षमा असावी. आमचे घराणे गडहिंग्लजचे, कापूस पिंजणाऱ्यांचे. मी एकटा शिकलो आणि शाळामास्तर झालो. पिंजण्याच्या कामाला माझे हात कधी लागले नाहीत, कारण मला कापसाच्या धुळीने खोकला येई आणि पुस्तक घेऊन माळ्यावर बसण्यास ते निमित्त पुरे होते. घरचे काम माझी थोरली बहीण रोशनबी आणि तिचे पती बादशहा नदाफ यांनी चालवले. बादशहाभाई धनुकलीने कापूस पिंजत. धनुकली म्हणजे पुरुषभर उंचीचे लाकडी धनुष्य. त्याला आतड्याची ताणलेली दोरी असते, तिला तात म्हणतात. तातीवर लाकडी ठोका मारला की ती थरथरते आणि कापूस मोकळा होऊन उडतो. समोर बसून रोशनबी पिंजलेला कापूस गादीत भरीत असे आणि भरताना गात असे. वीज आली, पिंजण्याची यंत्रे आली, आणि हे काम आसपासच्या गावांत एकेक करून बंद पडले. बादशहाभाईंनी ते बंद केले नाही. यंत्र घेण्याची ऐपत नव्हती हे एक कारण, आणि यंत्र बहिरे असते असे ते म्हणत, हे दुसरे.

३. सन १९७४ मध्ये आपल्या विद्यापीठाने आंतरविद्याशाखीय अभ्यास केंद्र सुरू केले. त्याचे माहितीपत्रक मी वाचनालयात वाचले. निसर्ग, समाज आणि कला यांचा विचार वेगवेगळ्या खोल्यांत बसून करण्याचे दिवस संपले आहेत, या अर्थाचे त्यात एक वाक्य होते. ते वाचून मी वाचनालयातच बराच वेळ बसून राहिलो. सेवानिवृत्तीनंतर माणसाने असल्या फंदात पडू नये हे मला कळत होते. तरीही "पिंजण्याचा नाद आणि पिंजण्याची गाणी : परस्परसंबंध" असा विषय लिहून मी अर्ज टाकला, आणि माझी नोंदणी झाली. माझ्यासोबत नोंदणी झालेले एक तरुण गृहस्थ शिरोलीच्या ओतकाम कारखान्यांतला गोंगाट आणि कामगारांच्या घरातली भांडणे यांचा अभ्यास करणार होते. पुढे त्यांनी वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. त्यांचे चांगले चालले आहे असे ऐकतो.

४. केंद्राच्या नियमाप्रमाणे मला दोन मार्गदर्शक मिळाले : पदार्थविज्ञानाचे डॉ. मगदूम आणि मराठीचे प्रा. इंगवले. दोघेही सज्जन आहेत. पुढे जे घडले त्यात त्यांचा दोष आहे असे या अर्जातून कोठेही ध्वनित होत असेल, तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समजावा. त्यांचे विभाग विद्यापीठाच्या माळाच्या दोन टोकांना आहेत आणि केंद्राची खोली मधोमध होती; तिला दोन्ही बाजूंनी दारे होती. एका दाराने एक आणि दुसऱ्या दाराने दुसरे, असे ते येत. माझ्या टिपणांवर दोघे आपापल्या शाईने खुणा करीत. एकाने खूण केलेल्या ओळीला दुसऱ्याने कधी हात लावला नाही. हा परस्परांविषयीचा आदर होता असे मी मानतो.

५. सन १९७५ च्या डिसेंबरात आम्ही तिघे एसटीने गडहिंग्लजला गेलो. पदार्थविज्ञान विभागाचे ध्वनिमुद्रण यंत्र एका दिवसापुरते मिळाले होते. डॉ. मगदूम यांनी ते टपावर ठेवू दिले नाही, बाजूच्या आसनावरही ठेवले नाही. कोल्हापूर ते गडहिंग्लज मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "सायेब, ल्हान पोराचं अर्धं तिकीट काढा मग." त्यावर प्रा. इंगवले खूप हसले, डॉ. मगदूमही हसले. त्यानंतर ते दोघे एकत्र हसल्याचे मला आठवत नाही.

६. मुद्रणाची हकीकत मी तपशिलाने लिहितो, कारण फीत कोणत्या शाखेची हा प्रश्न तिच्यातूनच उपजला आहे. प्रथम बादशहाभाई पिंजू लागले आणि रोशनबी गाऊ लागली. गाणे असे :

रुई उडाली, रुई उडाली, पांढरी झाली भुई,
लोकाच्या गं गादीपायी, माझी नीज जाई.

थोड्या वेळाने डॉ. मगदूम यांनी हात वर केला. तातीच्या कंपनांची मोजणी करायची तर त्यात दुसरा आवाज नको. बाईंनी काही वेळ थांबावे, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. रोशनबी थांबली. बादशहाभाई एकटे पिंजू लागले आणि त्यांचा हात भरभर चालू लागला, ठोका ठोक्यावर चढू लागला, कापूस गाठी धरू लागला. रोशनबीला ते पाहवेना. ती ओरडली, "अवो, पळताय कुठं? एसटी चुकतीया व्हय?" हे फितीवर आले. डॉ. मगदूम यांनी दुसऱ्यांदा घेतले. या वेळी रोशनबीने पदर तोंडाशी धरला, परंतु थोड्याच वेळात तिच्याच तोंडून "हां, हां, हळू" असे निघाले. तेही फितीवर आले.

नंतर प्रा. इंगवले म्हणाले की शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत. धनुकली थांबवून नुसते गाणे घेऊ. रोशनबीने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली आणि ती अडली. हसली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेथेच अडली. माझी बहीण ते गाणे वयात आल्यापासून रोज म्हणत होती. प्रा. इंगवले यांनी तिला धीर दिला, पाणी दिले. तेव्हा ती माझ्याकडे वळून जे बोलली ते मी शब्दशः देतो. एरवी ती माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत बोले. पाहुणे समोर असल्यामुळे मराठीत बोलली :

"शमशू, सायबास्नी सांग की, मला गाणं पाठ न्हाई. तात बोलती, मग मला कळतंय कुठं उचलायचं. ती गप बसली की माझं तोंड बी गप. मी एकटी गात न्हाई, बाबा. मी कवाच एकटी गायली न्हाई."

हेही फितीवर आहे. शेवटी दोघांनी पहिल्यासारखेच केले, पिंजणे आणि गाणे सोबत, आणि ते पुष्कळ वेळ चालले. मुद्रण झालेले परत ऐकवावे अशी बादशहाभाईंची इच्छा होती. "आमी कसं वाजतोय ते आमालाच ठावं न्हाई," असे ते म्हणाले. परंतु शेवटची गाडी गाठायची होती. पुन्हा येऊ तेव्हा यंत्र घेऊन येऊ, असे आम्ही सांगितले. ते सांगणारा मी होतो.

७. कोल्हापूरला परतल्यावर फितीला क्रमांक ७ पडला आणि ती अभिप्रायासाठी दोन्ही विभागांकडे गेली. पदार्थविज्ञान विभागाचा अभिप्राय आला : नादात मानवी आवाज मिसळला असल्याने मोजणीस अयोग्य. मराठी विभागाचा आला : गीतात अवजाराचा आवाज मिसळला असल्याने शब्दांकनास अयोग्य. दोन्ही अभिप्राय मी पुनःपुन्हा वाचले आणि दोन्ही मला पटले. आपापल्या जागी ते बरोबरच आहेत. माझा विषय मात्र त्या मिसळण्याचाच होता, हे मी तेव्हा सांगायला हवे होते. दोन विद्वान एका मताचे असताना मी तिसरे मत मांडणे मला उद्धटपणाचे वाटले. शिवाय मी चुकत नाही याची मला तेव्हाही खात्री नव्हती आणि हे लिहिताना आताही नाही. त्यानंतर संदर्भातील पत्र आले. त्याचे काय झाले ते पहिल्या परिच्छेदात लिहिलेच आहे.

८. पुढल्या वर्षी, १९७७ च्या पावसाळ्यानंतर, माझी बहीण रोशनबी वारली. यंत्र घेऊन पुन्हा गडहिंग्लजला जाणे झाले नव्हते. ती गेल्यावर बादशहाभाईंनी धनुकली खुंटीला लावली ती कायमची. मी एकदा भीत भीत विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हात चालतोय माझा. पर कुठं थांबायचं ते कळत न्हाई." त्या दोघांनी मिळून केलेल्या कामाचे आज या जगात जे काही शिल्लक आहे ते म्हणजे फीत क्र. ७. दुसरे मुद्रण नाही. रोशनबीचा फोटोसुद्धा नाही. आमच्या घरात बायकांचे फोटो काढीत नसत. ती फीत बादशहाभाईंनी एकदाही ऐकलेली नाही. दर भेटीत ते मला एकच विचारतात, आणि मी दर भेटीत विद्यापीठाचे काम चालू आहे असे सांगतो.

९. सन १९७८ मध्ये केंद्राची आखणी नव्याने करण्याचे ठरले आणि तोवर ते स्थगित झाले. खोलीची दोन दारे बंद करून तेथे परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिका ठेवल्या आहेत. केंद्रातील वस्तू मध्यवर्ती भांडारात गेल्या. गेल्या महिन्यात मी भांडारात जाऊन भांडारपाल श्री. पिराजी चौगुले यांना भेटलो. त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, हे मुद्दाम नमूद करतो. फीत आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, "हाय की. जाती कुठं? पर आता जाणार."

त्यांच्याकडून जे कळले ते असे. ध्वनिमुद्रण यंत्र हे जडवस्तू संग्रहात, म्हणजे आपल्या कचेरीत ज्याला डेडस्टॉक म्हणतात त्यात, नोंदलेले आहे. त्याला क्रमांक आहे आणि रीतसर निर्लेखन होऊन यादीतून निघाल्याशिवाय कोणी त्याला हात लावू शकत नाही. फीत मात्र उपभोग्य वस्तूंत मोडते. शाई, खडू, फिनेल यांच्यासोबत. उपभोग्य वस्तू भांडारात पडून राहिल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येतो. फितीवर कोणत्याही विद्याशाखेने हक्क सांगितलेला नाही, कारण शाखा कळवण्याचे पत्र अनुत्तरित आहे. येत्या पदवीदान समारंभात प्रमुख पाहुण्यांचे भाषण मुद्रित करायचे आहे आणि कोऱ्या फितींची खरेदी मंजुरीअभावी अडली आहे. म्हणून समारंभ समितीच्या मागणीपत्रावर फीत क्र. ७ देण्याचे ठरले आहे. तिच्यावर भाषण मुद्रित झाले की खालचे आपोआप पुसले जाते.

मी म्हणालो की तिच्यावर आवाज आहे. श्री. चौगुले म्हणाले, "मास्तर, तुमी शाणी माणसं. आमच्या यादीत टेप हाय, आवाज न्हाई. टेप मी तुमास्नी दाखवतो, ही बगा. आवाज कुठल्या पानावर घिऊ मी?" हे त्यांनी चेष्टेने म्हटले नाही. पान उलटून, खरोखरच जागा शोधून, मग म्हटले.

१०. यातून मार्ग काढण्याचे मी माझ्या परीने प्रयत्न केले. शाहूपुरीतील दुकानातून कोरी फीत आणून भांडारात देऊ केली. भांडार खरेदी आदेशाशिवाय वस्तू स्वीकारू शकत नाही. फितीची नक्कल करू द्यावी असे विचारले. नक्कल प्रयोगशाळेत होते, आणि प्रयोगशाळा वापरण्यास ज्या विद्याशाखेची फीत आहे तिच्या प्रमुखांची परवानगी लागते. ती कोणत्या शाखेची, असे मला तेथील लिपिकबाईंनी विचारले. मी नमस्कार करून परत आलो. फीत निदान भांडारातच एकदा वाजवून ऐकवावी अशी विनंती केली. यंत्र जडवस्तूत आणि फीत उपभोग्य वस्तूंत असल्याने दोन्ही एकाच वेळी बाहेर काढण्यास दोन वेगळ्या सह्या लागतात, आणि त्यांतील एक सही स्थगित केंद्राच्या संचालकांची आहे. ते पद रिक्त आहे.

११. हे सर्व मी गडहिंग्लजला जाऊन बादशहाभाईंना सांगितले. समजावून सांगणे हा माझा जन्मभराचा व्यवसाय, पण हे मला नीट समजावता आले नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "येवढा मोठा माळ घेतला, येवढ्या इमारती हाणल्या. एका बाईमाणसाला कोपरा न्हाई त्यात?" मी म्हणालो, कोपरे आहेत, पण प्रत्येक कोपरा कोणाचा तरी आहे. ते म्हणाले, "मग तू तकडं कशाला गेलतास, शमशू?" याचे उत्तर मी त्यांना दिले नाही. आपणांस देतो. माहितीपत्रकातले ते एक वाक्य मी खरे मानले, म्हणून गेलो. ते ज्यांनी लिहिले त्यांनीही खरेच मानले असेल. वाक्य चांगले होते.

१२. तरी आपणांस माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. ज्या विनंतीस नियमाची अडचण असेल ती सोडून पुढची विचारात घ्यावी.

(अ) फीत क्र. ७ समारंभासाठी देऊ नये.

(आ) द्यावीच लागत असेल, तर त्यापूर्वी श्री. बादशहा नदाफ यांस ती विद्यापीठाच्या आवारात, कोणत्याही खोलीत, व्हरांड्यात किंवा भांडाराच्या पायरीवर, एकदा ऐकवावी. ते स्वखर्चाने येतील. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागेल. त्याचा वर्गांना त्रास होऊ नये म्हणून रविवार चालेल.

(इ) शाखा ठरल्याशिवाय फीत राखता येत नसेल, तर संदर्भातील पत्राचे उत्तर मी आता देत आहे. ते स्वतंत्र कागदावर सोबत जोडले आहे. त्यात मी 'विज्ञान' असे लिहिले आहे. हे उत्तर बरोबर आहे असे मला वाटत नाही. पदार्थविज्ञान विभागात कुलूप असलेले कपाट आहे आणि मराठी विभागात नाही, एवढ्याच आधारावर ते लिहिले आहे. प्रा. इंगवले यांची मी मनातून क्षमा मागितली आहे.

(ई) तेही उशिराचे म्हणून अग्राह्य ठरत असेल, तर फीत उपभोग्य वस्तूंतून काढून जडवस्तू संग्रहात घ्यावी. त्यासाठी ती एखाद्या अवजाराचा भाग असल्याचे दाखवावे लागते, असे श्री. चौगुले यांनी खाजगीत सुचवले. मी असे लेखी देण्यास तयार आहे की फितीवरील स्त्रीचा आवाज हा स्वतंत्र आवाज नसून धनुकली या अवजाराचा सुटा भाग आहे. तो त्या अवजाराशिवाय चालत नाही आणि ते अवजार त्याच्याशिवाय चालत नाही, हे मुद्रणाच्या वेळी दोन प्राध्यापकांसमक्ष सिद्ध झालेले आहे. माझ्या बहिणीची नोंद टेबले, खुर्च्या आणि कपाटे यांच्या यादीत झाली, तिच्या नावापुढे क्रमांक पडला, तर नातलग म्हणून माझी हरकत नाही. बादशहाभाईंना मी विचारले आहे. ते म्हणाले, "खुर्ची म्हणून का हुईना, ठेवा की तिला."

(उ) या सर्वांच्या बदल्यात माझी संशोधक विद्यार्थी म्हणून असलेली नोंदणी रद्द करावी. पदवी मला नको आहे. ती मिळण्यासारखे काम माझ्या हातून झालेले नाही, आणि हा विषय माझ्याऐवजी एखाद्या धीट माणसाने घेतला असता तर फितीवर ही वेळ आली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

१३. अर्जाची भाषा काही ठिकाणी अर्जाला शोभेशी राहिली नाही, याची मला जाणीव आहे. मी दोन वेळा तो पुन्हा लिहून काढला, तरी ती ठिकाणे निघाली नाहीत.

आपल्या वेळेचा अपव्यय केल्याबद्दल दिलगीर असलेला,

आपला नम्र,
(सही) शमशुद्दीन गै. नदाफ

सोबत :
१. केंद्राचे दि. ९ ऑगस्ट १९७६ चे पत्र, मूळ प्रत.
२. त्याचे उत्तर, एक ओळ.
३. दोन्ही विभागांचे अभिप्राय, नकला.
४. उत्तरासाठी पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड.

ता. क. दि. २५ फेब्रुवारी १९८०

महोदय, वरील अर्ज मी लिहिला त्याच दिवशी आवक कक्षात घेऊन आलो होतो. शिरोभागी "योग्य मार्गाने" असे मीच लिहिले होते, आणि मार्गदर्शकांच्या सह्या मात्र नव्हत्या. कक्षातील लिपिकबाईंनी ते पाहिलेसुद्धा नाही. त्या अर्ज घेण्यासाठी हात पुढे करून होत्या. मलाच ते बरे वाटेना. खोटे शीर्षक असलेला अर्ज देणे योग्य नव्हे, असे वाटून मी तो परत घेऊन गेलो. डॉ. मगदूम निवृत्तीनंतर इचलकरंजीस राहतात. ते मुलाकडे पुण्याला गेले होते, त्यांची वाट पाहिली. प्रा. इंगवले रजेवर होते, त्यांचीही वाट पाहिली. दोघांनी एका शब्दाने न विचारता सह्या केल्या. डॉ. मगदूम यांनी सही करून पेन खाली ठेवले आणि विचारले, "बाई अजून गातात का?" त्यांना कोणी कळवले नव्हते.

दुसरी सही मिळाली ती काल सायंकाळी. पदवीदान समारंभ काल सकाळी झाला. आजच्या वर्तमानपत्रात वृत्त आहे.

त्यामुळे विनंती (अ) ते (उ) यांचा आता विचार करण्याचे कारण उरलेले नाही. त्या वगळल्या असे समजावे. त्यांच्या जागी एकच विनंती आहे आणि ती लहान आहे.

प्रमुख पाहुण्यांचे भाषण किती वेळ चालले, ते कृपया कळवावे.

फीत लांब होती. ती संपेपर्यंत मुद्रण झाले होते, कारण शेवटी यंत्र बंद करण्याचे आमच्या कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. भाषण फितीहून कमी वेळाचे झाले असेल, तर शेवटचा तुकडा पुसला गेलेला नसेल. वृत्तात भाषण "सविस्तर" झाल्याचे म्हटले आहे. त्या शब्दापाशी मी सकाळपासून अडलो आहे.

त्या शेवटच्या तुकड्यात गाणे नाही. ते संपले होते. तातीचा नादही नाही. बादशहाभाईंनी धनुकली खाली ठेवली होती. तेथे फक्त रोशनबी उठताना हुश्श करते आणि म्हणते, "झालं न्हवं तुमचं? च्या ठेवू का सगळ्यास्नी?" आणि आम्ही चौघेही पुरुष एकदम "नको, नको" म्हणतो, आणि ती म्हणते, "नको कसं? पावणं हाईसा की," आणि भांड्याचा आवाज येतो. यात मोजण्यासारखे काही नाही आणि शब्दांकन करण्यासारखेही काही नाही. तेवढा तुकडा कोणत्याही विद्याशाखेचा नसल्यामुळे तो ऐकवण्यास कोणाच्या परवानगीची गरज पडू नये, असे मला वाटते. चुकत असल्यास दुरुस्त करावे.

बादशहाभाई सकाळच्या गाडीने आले आहेत. शाहूपुरीच्या टपाल कचेरीत ते माझ्या शेजारी बाकावर बसले आहेत. काय लिहितोस एवढा वेळ, असे त्यांनी विचारले. मी वाचून दाखवले. ते म्हणाले, "मोठी माणसं लई बोलत्यात, मास्तर." मग म्हणाले, "टाक तरी."

टाकीत आहे.

शमशुद्दीन